‘माफ करा, खोली आत्ताच गेली’: युद्धोत्तर ब्रिटनमधला कॅरिबियन माणूस कादंबरीत कसा दिसतो

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, लंडनवर धुके दाटलेले असताना, मोझेस नावाचा त्रिनिदादचा माणूस वॉटर्लू स्टेशनवर एका अनोळखी तरुणाला उतरवून घ्यायला जातो. हे काम त्याने हौसेने अंगावर घेतलेले नाही. गावाकडून कोणाची तरी चिठ्ठी येते, ‘आमचा अमुक येतो आहे, जरा बघ’, आणि नाही म्हणणे त्याच्या जिवावर येते. फलाटावर एक वार्ताहर त्याला गाठतो आणि जमैकाहून इतकी माणसे का येत आहेत, असे विचारतो. मोझेस जमैकाचा नाहीच; त्रिनिदाद आणि जमैका यांच्यामध्ये दीड हजार किलोमीटरहून अधिक समुद्र आहे. पण वार्ताहराच्या लेखी काळा माणूस म्हणजे जमैकन. थोड्या वेळाने गाडी येते आणि तिच्यातून हेन्री ऑलिव्हर उतरतो. ऐन थंडीत अंगावर उष्ण प्रदेशातला पातळ सूट, ओव्हरकोट नाही आणि सामान म्हणाल तर एक टूथब्रश. मोझेस त्याचे तिथेच बारसे करतो: सर गॅलहॅड, राजा आर्थरच्या कथांतल्या शूर सरदाराचे नाव.

सॅम सेल्व्हन यांच्या ‘द लोनली लंडनर्स’ या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ही सुरुवात आहे. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये झालेल्या स्थलांतराविषयी इतिहासाची पुस्तके, सरकारी अहवाल आणि आकडेवारी भरपूर उपलब्ध आहे. तरीही ब्रिटिश समाजातला वर्णविषयक पूर्वग्रह प्रत्यक्षात कसा चालत असे हे समजून घ्यायचे असेल, तर कादंबरीकडे वळावे लागते. त्याचे कारण असे की हा पूर्वग्रह बहुतेक वेळा शिवीगाळ करत नसे. तो नम्रपणे ‘माफ करा’ म्हणत असे, आणि अशा नकाराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज २१ जून १९४८ रोजी टेम्सच्या मुखाजवळच्या टिलबरी बंदरात पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी उतारू खाली उतरले. हजाराहून थोड्या अधिक उतारूंपैकी ८०२ जणांनी आपले शेवटचे वास्तव्य कॅरिबियनमध्ये असल्याचे नोंदवले होते. सैनिकांसाठी असलेल्या खालच्या डेकवरचे भाडे साडेअठ्ठावीस पौंड होते. उतारूंपैकी अनेक जण महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी करून गेलेले होते. हे लोक नवीन नागरिकत्व कायद्यामुळे आले, असा एक समज आहे, पण तो बरोबर नाही. तो कायदा जहाज लागल्यानंतर, जुलैच्या अखेरीस मंजूर झाला. हे लोक आधीपासूनच ब्रिटिश प्रजाजन होते आणि त्यांना व्हिसाची गरजच नव्हती. कायद्याने हक्क होता, मात्र स्वागत करावे असे सरकारला वाटत नव्हते. उतारू उतरले त्याच दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी पंतप्रधान अ‍ॅटली यांना पत्र लिहून अशा स्थलांतरावर नियंत्रण आणण्याची मागणी केली.

सुरुवातीला संख्या फार नव्हती. १९५२ साली अमेरिकेने कायदा करून कॅरिबियन लोकांसाठी आपले दार जवळजवळ बंद केले, तेव्हा हा ओघ ब्रिटनकडे वळला. इकडे ब्रिटनला माणसे हवीच होती. १९५६ पासून लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेसाठी थेट बार्बाडोसमध्ये भरती सुरू झाली; रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या. १९५१ च्या जनगणनेत कॅरिबियनमध्ये जन्मलेल्यांची संख्या वीस हजारांच्या आतच होती, ती १९६१ मध्ये १ लाख ७० हजारांच्या पुढे गेली.

आता कादंबरीकडे वळू. या स्थलांतराची कथा दुसऱ्या कोणत्याही स्थलांतरापेक्षा वेगळी का आहे, हे अँड्रिया लेव्ही यांच्या ‘स्मॉल आयलंड’ या २००४ सालच्या कादंबरीत फार चांगले कळते. लेव्ही लंडनमध्येच जन्मल्या, पण त्यांचे वडील ‘विंडरश’ जहाजातूनच आले होते. कादंबरीत १९४८ साल मध्यभागी आहे आणि चार जण आळीपाळीने आपली बाजू सांगतात: जमैकाचे गिल्बर्ट आणि हॉर्टेन्स हे नवरा-बायको, लंडनमधली त्यांची घरमालकीण क्वीनी आणि तिचा युद्धावरून वेळेत न परतलेला नवरा बर्नार्ड. गिल्बर्टने शाळेत इंग्लंडच्या नद्या, कालवे, बंदरे, कुठल्या गावात काय तयार होते ते सगळे पाठ केलेले आहे. हवाई दलात भरती होऊन तो इंग्लंडला येतो, तेव्हा त्याला कळते की इथल्या साध्या शिपायाला जमैका कुठे आहे हेच ठाऊक नाही. आफ्रिकेत असेल, असे तो खुशाल सांगतो. परक्या देशात जाणाऱ्याला आपण परके ठरणार हे माहीत असते. गिल्बर्ट मात्र ज्या देशाला लहानपणापासून ‘मातृदेश’ म्हणत आला, त्या आईने त्याला ओळखलेच नाही. या कादंबऱ्यांतले दुःख गरिबीपेक्षा या न ओळखण्याचे अधिक आहे, असे मला वाटते.

हॉर्टेन्सची फजिती तर आणखी बारीक आहे. ती शिक्षिका होण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली, शुद्ध उच्चारांचा अभिमान बाळगणारी मुलगी आहे. कीट्सची कविता म्हणून तिने शाबासकी मिळवलेली आहे. इंग्लंडला जायला मिळावे म्हणून तिने गिल्बर्टला प्रवासाचे पैसे दिले आणि त्या बदल्यात त्याच्याशी लग्न केले. अवाढव्य ट्रंक घेऊन ती लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या घराच्या पायऱ्यांशी उभी राहते. वरच्या मजल्यावरची ती एकच खोली, त्यात एक गॅसची शेगडी, मोडकी खुर्ची आणि गारठा. खोली पाहून ती एवढेच विचारते: बस, इतकेच? आणि ज्या इंग्रजीचा तिला इतका गर्व, ती इंग्रजी लंडनच्या रस्त्यावर कोणाला कळत नाही.

खोली ही या सगळ्या साहित्यातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. युद्धातल्या बॉम्बफेकीने लंडनमधली असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती आणि गोऱ्यांनाही निवाऱ्याची चणचण होती. अशा वेळी काचेमागच्या जाहिरातीत ‘कलर्ड’, म्हणजे गोरे नसलेले, नकोत असे लिहिलेले असे. नाहीतर दूरध्वनीवर ‘या, खोली आहे’ म्हणणारी बाई दार उघडल्यावर ‘अरेरे, आत्ताच गेली’ म्हणत असे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हे बेकायदेशीर नव्हते. ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५ साली आला, पण तो हॉटेल, उपाहारगृह यांसारख्या सार्वजनिक जागांपुरता होता. घर आणि नोकरी त्याच्या कक्षेत आली ती १९६८ च्या कायद्याने. म्हणजे ‘विंडरश’ आल्यानंतर वीस वर्षे माणसाचा रंग पाहून खोली नाकारण्याची उघड मुभा होती.

मोझेस हेच गॅलहॅडला समजावून सांगतो. अमेरिकेत निदान पाटी लावलेली असते; इथे पाटी नसते, पण आत गेलात की अतिशय सौजन्याने बाहेरचा रस्ता दाखवला जातो, किंवा तुम्ही तिथे नाहीच असे धरून सगळे वागतात. काम शोधण्याच्या कचेरीतला प्रसंग तर प्रत्येकाने मुळातून वाचावा असा आहे. नोंदणी झाल्यावर कार्डाच्या वरच्या बाजूला लाल शाईने एक संक्षिप्त खूण केली जाते, जमैका आणि ‘कलर्ड’ अशा अर्थाची. ज्या मालकांना काळी माणसे नको असतात, त्यांच्याकडे ती खूण असलेले कार्ड पाठवलेच जात नाही. कारकून उद्धट नाही. तो उलट समजूतदारपणे वागतो: माणसाला उगाच हेलपाटा कशाला, मालकालाही नाही म्हणण्याचे अवघडलेपण कशाला. वर्णभेद कसा चालतो याची इतकी नेमकी, इतकी लहान आकृती मला कोणत्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही. यात द्वेष करणारा माणूसच नाही. आहे ती फक्त कामाची पद्धत.

‘स्मॉल आयलंड’मध्ये याचेच दुसरे रूप आहे. हॉर्टेन्स उत्तम कपडे घालून, हातमोजे चढवून, शिफारसपत्रे घेऊन शिक्षिकेच्या नोकरीसाठी जाते. कचेरीतल्या बाया तिची कागदपत्रे पाहायचीही तसदी घेत नाहीत; इथे तिला शिकवता येणार नाही, एवढेच सांगतात. ताठ मानेने निघायचे म्हणून ती वळते, दार उघडते आणि आत शिरते, तर ते बाहेरचे दार नसून सामानाचे कपाट असते. केरसुण्या-बादल्यांच्या त्या अंधारात ती क्षणभर उभी राहते आणि बाहेर आल्यावर मागे दबलेले हसू ऐकू येते. लेव्ही यांनी इथे एकही जोरदार वाक्य लिहिलेले नाही. वाचक आधी हसतो, आणि आपणही त्या कचेरीतल्या बायांबरोबर हसलो हे ध्यानात आल्यावर त्याला वरमल्यासारखे होते.

क्वीनी ही तुलनेने चांगली बाई आहे, म्हणूनच ती अधिक उपयोगी पात्र ठरते. शेजारच्या टॉड नावाच्या गृहस्थांना ती काळ्या माणसांना खोल्या देते हे पसंत नाही. फूटपाथवर समोरून दोन काळ्या बायका आल्या आणि आपल्या बहिणीला खाली उतरावे लागले, ही त्यांची तक्रार. पाहुण्या त्या, तर बाजूलाही त्यांनीच व्हायला हवे. क्वीनीला हे हास्यास्पद वाटते. मात्र तीच क्वीनी हॉर्टेन्सला बाजारात नेताना मोठ्या मनाने सांगते, की तुझ्याबरोबर रस्त्यात दिसण्याची मला काही लाज नाही. हॉर्टेन्सला प्रश्न पडतो: लाज हिला का वाटावी? मी शिकलेली शिक्षिका, ही खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी! दोघींनाही एकमेकींचे म्हणणे कळत नाही, वाचकाला मात्र दोघींचेही कळते. चार निवेदक ठेवण्याचा फायदा तो हाच.

शिवाय पूर्वग्रह हा केवळ गोऱ्यांकडचा माल नाही, हेही या कादंबऱ्या झाकत नाहीत. हॉर्टेन्सला आपल्या मधासारख्या उजळ कांतीचा अभिमान आहे आणि जमैकात त्या उजळपणाला लग्नाच्या व नोकरीच्या बाजारात किंमत होती. विवाहविषयक जाहिरातींतला ‘गव्हाळ वर्ण’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जमैकाची माणसे इतर लहान बेटांवरच्या लोकांना ‘छोट्या बेटावरचे’ म्हणून हिणवत. लेव्हींच्या कादंबरीचे नाव त्यातूनच आले आहे. लंडनमध्ये आल्यावर मात्र ही सगळी उतरंड एका शब्दात सपाट झाली. घरमालकिणीच्या दृष्टीने सगळेच ‘कलर्ड’.

या सपाटीकरणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘वेस्ट इंडीज’ हे आपल्याला क्रिकेटमुळे एका देशासारखे वाटते, पण तसा देश कधी नव्हता. १९५८ साली बेटांचे संघराज्य झाले, ते चार वर्षांत मोडले. क्रिकेटचे मैदान सोडले, तर वेस्ट इंडियन असा माणूस खऱ्या अर्थाने तयार झाला तो लंडनमध्ये. बार्बाडोसचे कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग यांनी हे स्पष्टपणे मांडले आहे, की आपल्या पिढीतले बहुतेक वेस्ट इंडियन जन्मले इंग्लंडमध्ये. लॅमिंग आणि सेल्व्हन हे दोघे १९५० साली एकाच जहाजाने इंग्लंडला आले होते. लॅमिंग यांच्या १९५४ सालच्या ‘दि एमिग्रंट्स’ या कादंबरीत अशाच एका जहाजावर वेगवेगळ्या बेटांची माणसे बोलता बोलता आपण एक आहोत का, याचा अंदाज घेताना दिसतात. ही कादंबरी वाचायला जड आहे. तिच्यात वातावरण दाट आणि कथानक विरळ आहे.

त्या मानाने सेल्व्हन वाचकाला हात धरून नेतात, आणि याचे मोठे श्रेय भाषेला आहे. सेल्व्हन त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडोचे, भारतीय वंशाचे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४० हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर नेले गेले होते आणि त्यांच्या वंशजांची व आफ्रिकी वंशाच्या लोकांची बोली तिथे एकच झाली होती. सेल्व्हन यांनी ही कादंबरी आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिली, पण ती पुढे सरकेना; त्रिनिदादच्या बोलीच्या वळणावर आल्यावर ती झरझर उतरली. मराठी वाचकाला ग्रामीण कथेतला एक संकेत चांगला परिचित आहे: पात्रे बोलीत बोलतात, निवेदक मात्र प्रमाण भाषेत सांगतो. पात्रे जमिनीवर बसलेली आणि निवेदक खुर्चीवर, असे ते चित्र असते. सेल्व्हन यांनी निवेदकालाही जमिनीवर बसवले. त्यामुळे ‘हे लोक कसे असतात’ हे बाहेरच्यांना समजावून सांगणारा कोणी पुस्तकात उरतच नाही. लंडन हेच वर्णनाचा विषय होते. गॅलहॅड पहिल्या सकाळी बाहेर पडतो, तेव्हा त्याला आकाशात बळेच पिकवलेल्या संत्र्यासारखा सूर्य दिसतो, ऊब नसलेला. इंग्लंडचा सूर्य असा त्रिनिदादच्या फळाने मोजणे, यात सगळी उलथापालथ आली.

सेल्व्हन यांचा विनोद ही काही नुसती करमणूक नव्हे. टॉलरॉय नावाच्या तरुणाने आईला एकटीला बोलावलेले असते, तर फलाटावर अख्खे कुटुंब उतरते आणि त्यात टँटी नावाची म्हातारी. हीच टँटी पुढे गल्लीतल्या दुकानदाराला उधारीवर माल द्यायला भाग पाडते. दुसऱ्या एका प्रसंगात भुकेने कासावीस झालेला गॅलहॅड बागेतले कबूतर पकडतो, तेव्हा कुत्रा फिरवायला आलेली बाई किंचाळते. पक्ष्याविषयी तिला आलेला कळवळा आणि उपाशी माणसाकडे न गेलेले तिचे लक्ष यांवर सेल्व्हन भाष्य करत नाहीत. आणि ज्या रात्री गॅलहॅड आपल्याच हाताकडे पाहून रंगाला उद्देशून बोलतो, की हे सगळे तुझ्यामुळे, तू निळा किंवा हिरवा का नाही झालास, त्या रात्रीही हसू आणि रडू यांची सीमा सापडत नाही. तो माणसांवर चिडत नाही. रंग ही जणू आपल्या अंगावर बसलेली दुसरीच कोणी व्यक्ती आहे, अशा रीतीने तो तिच्याशी भांडतो.

काही गोष्टी या कादंबरीत कमी पडतात, हेही सांगायला हवे. तिच्यातल्या बायका बहुधा पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात, आणि ती नजर फारशी सभ्य नाही. टँटी हा ठळक अपवाद. लेव्ही यांनी जवळजवळ अर्ध्या शतकानंतर हॉर्टेन्सला आवाज दिला, तेव्हा ही उणीव भरून निघाली. मधल्या काळात, १९८५ साली, कॅरिल फिलिप्स यांनी ‘द फायनल पॅसेज’मध्ये लीला या तरुण आईच्या बाजूने हा प्रवास सांगितला होता, तिच्यासाठी इंग्लंड म्हणजे बेफिकीर नवरा, थंड घर आणि आजारी आई.

ई. आर. ब्रेथवेट यांचे १९५९ सालचे ‘टू सर, विथ लव्ह’ आपल्याकडे सिडनी पॉइटिए यांच्या चित्रपटामुळे अधिक माहीत आहे. ब्रिटिश गियानात जन्मलेले ब्रेथवेट युद्धात हवाई दलात होते आणि नंतर अभियंता म्हणून नोकरी न मिळाल्याने लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शिक्षक झाले. पुस्तक त्याच अनुभवावर बेतलेले आहे. त्याचा शेवट मला जरा गोड वाटतो, पण एक प्रसंग विसरता येत नाही. वर्गातल्या मिश्रवंशीय मुलाची आई वारते. मुले पुष्पचक्रासाठी वर्गणी काढतात, पण ते त्याच्या घरी नेऊन द्यायला कोणी तयार होत नाही, कारण काळ्या माणसाच्या घरात शिरताना दिसलो तर लोक काय म्हणतील. मुलांना तो मुलगा आवडतो. अडचण ‘लोकां’ची आहे.

उघड हिंसाही होतीच. १९५८ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर कित्येक रात्री हल्ले केले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात अँटिग्वाहून आलेल्या केल्सो कॉक्रन या सुताराचा तिथेच भोसकून खून झाला. त्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. कॉलिन मॅकइन्स यांची ‘अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर्स’ ही कादंबरी १९५९ मध्येच आली आणि तिच्या शेवटी या दंगली आहेत, पण त्या एका गोऱ्या तरुणाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. सेल्व्हन यांचे पुस्तक दंगलीच्या दोन वर्षे आधीचे आहे. लाल शाईची ती खूण आणि आत्ताच गेलेल्या खोल्या वाचल्या असतील, तर १९५८ अचानक घडल्यासारखे वाटत नाही.

पुढे १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध आले, आणि १९७१ चा स्थलांतर कायदा १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला. त्याआधी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क अबाधित होता, पण त्याचा कागद बहुतेकांना कधी दिला गेला नव्हता. २०१० नंतरच्या दशकात सरकारने नोकरी, भाड्याचे घर, औषधोपचार या प्रत्येक ठिकाणी कागद मागायला सुरुवात केली, तेव्हा आईवडिलांबरोबर लहानपणी आलेली, साठीला टेकलेली माणसे बेकायदेशीर ठरवली गेली. काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले. २०१८ साली हे प्रकरण उघडकीस आले आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बाहेर आली: जहाजातून उतरताना या लोकांनी भरून दिलेली कार्डे, ज्यांवरून त्यांची येण्याची तारीख सिद्ध झाली असती, ती गृहखात्याने २०१० साली नष्ट केली होती.